काळी गाडी चोवीस तास कोण बघणार?

गाड्यांवर पट्टे मारणं हा माझा धंदा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला रेडियमचं दुकान आहे. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागं चमकणारी लाल-पांढरी टेप, बुलेटच्या टाकीवर 'आईचा आशीर्वाद', गणपतीच्या तोंडावर मंडळांची नावं, आणि अलीकडं चारचाकीला पुरतं व्हाइनिल चढवायची कामं. या धंद्यानं एक खोड लावलीय. रेसची गाडी समोर आली की लोक इंजिन, ड्रायव्हर, लॅपटाइम बघतात. माझी नजर आधी जाते ती रंग कुठं थांबतो तिकडं. दरवाजाच्या फटीवर रेघ तुटलीय का? चाकाच्या कमानीवर पट्टा वळवलाय की नुसता कापून सोडून दिलाय? बायको म्हणते, तुम्ही रेस बघत नाही, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढता. मी दोन्ही करतो.

फॉर्म्युला वन बघतो, पण जीव अडकलाय तो चोवीस तासांच्या रेसमध्ये. २०१२ ला आपला रेसर करुण चंडोक फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या रेसला उतरला. तिथं रेस केलेला तो पहिला भारतीय, आणि त्याच्या टीमची गाडी सहावी आली. त्या निमित्तानं बघायला बसलो तो अजून उठलेलो नाही.

ही रेस आपल्या वेळेत कशी पडते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फ्रान्समध्ये शनिवारी दुपारी चारला झेंडा पडतो, तेव्हा आपल्याकडं साडेसात. जूनमध्ये तिकडं सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे तिथं अंधार होतो तेव्हा आपल्याकडं दीड-दोन वाजलेले असतात, आणि तिथं उजाडतं तेव्हा आपण नऊ-साडेनऊला दुसरा चहा घेत असतो. बाहेर पावसाची पिरपिर, घरात सगळे झोपलेले, आवाज बंद करून मी स्क्रीनकडं बघतोय. १३.६२६ किलोमीटरचा ट्रॅक, त्यातला बराचसा एरवी वापरातला साधा रस्ता. लांबच्या कॅमेऱ्यात दोन दिवे येतात, ताशी तीनशेच्या वर वेगानं, आणि निघून जातात. त्या क्षणात गाडी ओळखू आली पाहिजे. नंबर वाचावा लागला तर रंगवणाऱ्यानं पगार फुकट घेतला.

ओळखीची थोडी सोय नियमातच आहे. जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या गाड्या, त्यांचे हेडलाइट पिवळे; प्रोटोटाइप, म्हणजे रेससाठीच बनवलेल्या, त्यांचे पांढरे, म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला आरशातच कळतं की मागून कोण आलंय. नंबर रात्री उजळलेला असावा लागतो. पण गाडी कुणाची हे सांगणं रंगाचं काम, आणि ते काम नीट करणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पहिलं नाव गल्फ. दुसरं कुठलं घेणार?

मागं एक कॉलेजातला पोरगा रॉयल एनफील्डची कॉन्टिनेंटल जीटी घेऊन दुकानात आला. मोबाईल पुढं केला, "दादा, हे असलं पाहिजे." फोटोत आकाशी रंगाची, मधून नारंगी पट्टा असलेली पोर्शे ९१७.

म्हटलं, "कुठली गाडी हाय ही, म्हाईत हाय का?"

"गल्फची. गेममध्ये असती की."

त्याला मी स्टुलावर बसवलं आणि ऐकवलं, कारण हा किस्सा ऐकवायला गिऱ्हाईक रोज मिळत नाही. गल्फ ही अमेरिकन तेल कंपनी, आणि तिचे स्वतःचे रंग होते गडद निळा आणि नारंगी. आकाशी आला तो विल्शायर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या तेल कंपनीकडून, जी गल्फनं विकत घेतली होती. गल्फचे एक बडे अधिकारी, ग्रेडी डेव्हिस, रेसिंगचे शौकीन. त्यांचं इंग्लंडमधल्या जॉन वायरच्या टीमशी जमलं आणि १९६७ पासून त्या गाड्या आकाशी-नारंगी झाल्या. गडद निळ्यापेक्षा फिका निळा ट्रॅकवर उठून दिसतो, हे त्यांनी नेमकं हेरलं.

पुढच्याच वर्षी फोर्ड जीटी४० नं ले मान्स जिंकलं, आणि १९६९ ला परत. दोन्ही वर्षी तीच गाडी, चासी नंबर १०७५. तीच गाडी सलग दोनदा! ६९ ला तिचा ड्रायव्हर जॅकी इक्स बाकीच्यांसारखा पळत गाडीकडं गेला नाही, पळत जाऊन घाईत बेल्ट न बांधता सुटायच्या पद्धतीचा निषेध म्हणून चालत गेला, सगळ्यात शेवटी निघाला आणि शेवटी पांढऱ्या पोर्शेला शे-सव्वाशे मीटरनं मागं टाकून जिंकला. चोवीस तासांनंतर शे-सव्वाशे मीटर.

आता गंमत. पोराच्या मोबाईलमधली गल्फची ९१७, जिची पोस्टरं जगभर भिंतींवर आहेत, ती ले मान्स कधीच जिंकली नाही. १९७० ला जिंकली पांढऱ्या पट्ट्यांची लालभडक ९१७, साल्झबर्ग टीमची, आणि ७१ ला मार्टिनी या दारू कंपनीच्या रंगातली, मागं दोन उभे पंख असलेली. त्या ७१ च्या गाडीनं ५,३३५ किलोमीटर कापले आणि तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. तरी लोक स्कूटरपासून घड्याळापर्यंत रंगवतात ते गल्फच्याच रंगात. रेस हरूनही रंग जिंकला, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

का जिंकला, ते हातानं केल्याशिवाय कळत नाही. नारंगी पट्टा गाडीच्या मधोमध नाकापासून शेपटीपर्यंत जातो, त्यामुळं गाडी कुठूनही दिसली तरी तिचं तोंड कुठं आहे ते कळतं. शिवाय ट्रॅकवर जे जे असतं, डांबर, गवत, झाडं, पत्र्याचे कठडे, त्यात आकाशी कुठंच नाही. आणि संध्याकाळी उजेड कमी होत जातो तेव्हा लाल आधी काळपट पडतो, फिका निळा बराच वेळ टिकून राहतो.

पोराची टाकी करायला दिवस गेला. आकाशी व्हाइनिल चढवायला वेळ लागला नाही, नारंगी पट्ट्यानं घाम काढला. टाकीला वरून कणा, बाजूनं पोट. सरळ पट्टा ठेवला तर मधे फुगतो आणि कडेला सुरकुत्या येतात. मी आधी झाकणापासून सीटपर्यंत दोरा ताणतो, दोन्ही बाजूंनी मोजून मास्किंग टेप मारतो, मग पट्टी फिरवतो. हीट गन लांबून, नाहीतर व्हाइनिल ताणलं जाऊन रंग फिका पडतो. आणि नारंगी कधीही सरळ निळ्यावर चिकटवायचा नाही. खालचा निळा वर मारतो आणि नारंगी मळकट दिसतो. मधला निळा आधी कापून काढायचा, खाली पांढरा द्यायचा, त्यावर नारंगी. झाकणापाशी दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं झालं की अख्खी गाडी वाकडी वाटते. पोरगा खूश झाला, पण त्याला खाली गुडघ्यापाशी स्वतःचं आडनाव पाहिजे होतं, इंग्रजी वळणदार अक्षरात. लावलं. धंदा आहे.

गल्फनंतर माझ्या मनात जिचा नंबर लागतो ती ऐकून लोक हसतात: गुलाबी डुक्कर. १९७१ ची पोर्शे ९१७/२०, नंबर २३. पोर्शेला आखूड शेपटीच्या गाडीची पकड आणि लांब शेपटीच्या गाडीचा वेग एकाच गाडीत पाहिजे होता. फ्रेंच एरोडायनॅमिक्सवाल्यांच्या मदतीनं त्यांनी चाकांच्या बाहेर आलेलं, गोलमटोल, रुंद अंग बनवलं. गाडी बेढब दिसत होती. पोर्शेच्या स्टाइल विभागाचे प्रमुख अनातोल लापिन. त्यांच्याकडं दोन वाटा होत्या: पट्टे मारून अंग बारीक दाखवायचं, नाहीतर आहे ते वाजवून सांगायचं. त्यांनी दुसरी धरली. अख्खी गाडी गुलाबी, आणि तिच्यावर खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यासारख्या तुटक रेघा मारून कुठला तुकडा कुठला, ते जर्मनमध्ये लिहिलं. मार्टिनीच्या मालकांना हे इतकं झोंबलं की गाडीवर आपलं नाव नको म्हणाले, असं सांगतात. रात्री अर्नाजच्या वळणाकडं ती आपटली आणि रेस संपली. एकच रेस, तीही अर्धवट, आणि पन्नास वर्षांनंतरही लहान पोरं तिला ओळखतात.

मला त्या गाडीत आवडतं ते हे की रंगानं आकाराशी भांडण केलं नाही. तुटक रेघा बघा कुठं आहेत: जिथं पत्रा वळतो, जिथं पॅनेल सुटतं, तिथंच. गाडीची शिवण आणि डुकराचे तुकडे एकमेकांत बसवलेत. ज्यानं ते काम केलं त्यानं आधी गाडीभोवती बऱ्याच फेऱ्या मारल्या असणार. २०१८ ला पोर्शेनं ९११ आरएसआरला तेच कातडं चढवलं, ९२ नंबरला, आणि तिनं जीटीई प्रो हा जीटी गाड्यांचा गट जिंकला. दुसरी आली तिची बहीण ९१, रॉथमन्सच्या निळ्या-पांढऱ्या रंगात, पण सिगारेटचं नाव नसलेली. नाव नव्हतं तरी बघणाऱ्याला रॉथमन्सच दिसलं. चांगल्या रंगकामाला अक्षरं लागत नाहीत.

सिगारेटचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. तंबाखूवाल्यांनी लोकांची फुप्फुसं जाळली, पण गाड्या देखण्या रंगवल्या, हे कबूल करावं लागतं. १९८२ ला रॉथमन्सच्या तीन पोर्शे ९५६, नंबर १, २, ३, त्याच क्रमानं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. जर्मनीत जाहिरातीला आडकाठी होती तेव्हा 'रॉथमन्स'च्या जागी 'रेसिंग' लिहून तीच गाडी पळवली. १९८८ ची सिल्क कट जॅग्वार, जांभळी-पांढरी, मागची चाकं झाकलेली, लांबलचक. जांभळा रंग गाडीला शोभत नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगतो आणि मनात ती जॅग्वार असते.

मग १९९१ ची माझदा ७८७बी. नंबर ५५, नारंगी आणि हिरवी. हे दोन रंग कुणी माझ्या दुकानात येऊन एकत्र मागितले तर मी दोनदा विचारीन, घरी विचारून आलास का. प्रायोजक होती रेनॉन, जपानची कपडे बनवणारी कंपनी, आणि त्यांच्या 'चार्ज' ब्रँडचे हे रंग. कापडवाल्यांना रंग कळतात, त्यांनी हिंमत केली. टीमच्या बाकीच्या दोन गाड्या निळ्या-पांढऱ्या, नेटक्या. आज त्या आठवतात का कुणाला? नारंगी आणि हिरव्याचे मोठे तुकडे, तिरप्या रेषांनी कापलेले, बारीक नक्षी नाही. दोन्ही रंग सारखेच भडक असल्यानं एकमेकांना दाबत नाहीत. त्यात चार रोटरच्या इंजिनाचा आवाज, जो यूट्यूबवर ऐकला तरी शेजारचे विचारतात काय चाललंय. तिच्यामागं दुसरी, तिसरी, चौथी अशा तीन जॅग्वार होत्या. माझदाचा ड्रायव्हर जॉनी हर्बर्ट शेवटी इतका गळाला होता की व्यासपीठावर पोचलाच नाही. जपानी कंपनीचा तो ले मान्सचा पहिला विजय.

आता चित्रकारांच्या गाड्या. यावर माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही. फ्रान्सचे हर्वे पूलां लिलाव करायचे आणि रेसही करायचे. त्यांच्या डोक्यातून आलं की मोठ्या चित्रकारानं गाडी रंगवावी आणि ती खरंच ले मान्सला पळवावी. बीएमडब्ल्यूनं ते मनावर घेतलं. १९७५ ला अलेक्झांडर कॅल्डर, ७६ ला फ्रँक स्टेला, ७७ ला रॉय लिख्टेनस्टाइन, ७९ ला अँडी वॉरहॉल. सगळे वॉरहॉलचं नाव घेतात, कारण त्यानं एम१ स्वतःच्या हातानं अर्ध्या तासाच्या आत रंगवली, ब्रश आणि बोटांनी रंग ओढत. ती सहावी आली. किस्सा भारी आहे, पण मला गाडी विशेष वाटत नाही. जवळ उभं राहिलं तर ब्रशचे फराटे दिसतात. पळताना सगळे रंग मिसळून मातकट होतात. त्याला वेगच दाखवायचा होता म्हणे. वेग दाखवायला गाडी आहे की.

माझ्या मते खरी कारागिरी स्टेलाची. पांढऱ्या ३.० सीएसएलवर काळ्या रेघांची जाळी, आलेख-कागदाची. जाळी सपाट कागदावर सोपी. फुगलेल्या मडगार्डवर ती मारायची म्हणजे प्रत्येक चौकोन थोडा वाकवावा लागतो, आणि वाकवताना शेजारच्याशी मेळ तुटू द्यायचा नाही. ज्यानं कधी चौकडीचं व्हाइनिल बंपरवर ओढलंय त्याला विचारा. त्या जाळीमुळं गाडीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खड्डा वाचता येतो. रंगवलेली गाडी आणि तिचा नकाशा एकाच अंगावर. लिख्टेनस्टाइनची ३२०आय त्याच्या उलट: ठिपके, लांब पट्टे, उगवता-मावळता सूर्य, म्हणजे गाडी ज्या रस्त्यानं जाते तो रस्ताच तिच्या अंगावर. ती नववी आली आणि गट जिंकला. रात्रीची परीक्षा ती पास होते, कारण पट्टे लांब आणि मोजके आहेत.

२०१० ला जेफ कून्सनं एम३ केली, ती मात्र आमच्या पद्धतीची: कॉम्प्युटरवर आखणी, व्हाइनिलवर छपाई, वर क्लिअर कोट. काम सफाईदार, पण इतक्या रंगीत रेघा की डोळा कुठं टेकवायचा कळत नाही. दिवसात रिटायर झाली, रात्र तिनं बघितलीच नाही.

रंगाबद्दल इतकं बोलायचं तर आकाराबद्दल बोललंच पाहिजे, कारण चांगला आकार असेल तरच रंगाला काही करता येतं. जुन्या एलएमपी१ च्या, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या प्रोटोटाइप गटाच्या, शेवटच्या काही वर्षांत वाऱ्याच्या बोगद्यातून निघालेल्या गाड्या एकाच माळेचे मणी झाल्या होत्या. स्टिकर काढले असते तर टोयोटा कुठली आणि पोर्शे कुठली हे सांगायला मलाही थांबावं लागलं असतं. २०१५ ला पोर्शेनं त्यावर सोपा तोडगा काढला: तीन ९१९, एक लाल, एक काळी, एक पांढरी. कुठली कोण, लांबून कळायचं. पांढरी १९ नंबर जिंकली.

आताच्या वरच्या गटाच्या, हायपरकारच्या, नियमांनी आकार सोडवला. डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, किती, हवेचा अडथळा किती, याची एक चौकट ठरवून दिलीय. त्या चौकटीत बसलात की झालं, त्यापलीकडं ओरबाडायला काही नाही, वर बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सनं वजन आणि ताकद जुळवतात. त्यामुळं डिझायनरला नाक कसं, दिवे कसे, पाठ कशी, हे ठरवायची मोकळीक मिळाली. याच गटातले एलएमडीएच प्रकारच्या गाड्या बनवणारे तर चासी चार ठरलेल्या कंपन्यांकडून घेतात, पण अंग ज्याचं त्याचं. म्हणून कॅडिलॅक उभ्या दिव्यांवरून ओळखू येते, बीएमडब्ल्यू तिच्या त्या भल्यामोठ्या जाळीवरून, आवडो न आवडो.

सगळ्यात धीट होती पूजो ९एक्स८. २०२२ ला इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर ती मागच्या विंगशिवाय उतरली. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा वाटलं, अजून पार्ट बसवायचा राहिलाय. सगळी पकड तळातून काढायची असा डाव. करड्या अंगावर सिंहाच्या पंजाचे ते तीन उभे दिवे, मागं सपाट पाठ, एकही फालतू रेघ नाही. पण रेसमध्ये टायरच्या मापावर अडलं. पूजोनं चारी चाकं एकाच रुंदीची घेतली होती, बाकीचे पुढं अरुंद आणि मागं रुंद घेऊन निघून जायचे. २०२४ ला इटलीतल्याच इमोलाला नवी ९एक्स८ आली, मागं विंग लावून. गाडी सुधारली असेल. मला त्या दिवशी दुकानात काम सुचलं नाही. जगात एकच कंपनी वेगळी दिसत होती, तीही रांगेत जाऊन उभी राहिली.

२०१२ ची डेल्टाविंग इथं आठवते. ती बाणाच्या आकाराची, पुढचे टायर स्कूटरला शोभतील इतके बारीक, पूर्ण काळी. काळी चालते ती अशाच गाडीला, कारण आकारच इतका अचाट की रंगाला काम उरत नाही. ले मान्सच्या पोर्शे कर्व्हज या वळणांत एका टोयोटानं तिला भिंतीत ढकललं. तिचा ड्रायव्हर सातोशी मोतोयामा उतरला आणि स्वतःच दुरुस्त करायला लागला. नियमाप्रमाणं मेकॅनिक गाडीला हात लावू शकत नाहीत, ते जाळीच्या पलीकडून ओरडून सांगत होते. बराच वेळ झटून शेवटी तो जाळीपाशी बसला आणि रडला. मी ती फीत दुकानातल्या पोरांना दाखवतो. पाना हरवला म्हणून काम थांबवणाऱ्यांना दाखवायला बरी पडते.

तर काळ्याचं. सध्याचा आजार हा. काळा, मॅट काळा, कार्बन काळा, आणि वर कुठंतरी कोपऱ्यात एक चमकदार रंगाची चिरफाड. मीटिंगमध्ये स्क्रीनवर सुरेख दिसत असेल. मॅट काळं मी पण विकतो. थारवाल्या पोरांना दुसरं काही नको असतं. पण थार पेट्रोल पंपावर उभी असते, लोक शेजारून जातात, बघतात. रात्री दोन वाजता झाडीतून येणारी मॅट काळी गाडी म्हणजे दोन दिवे आणि मागं अंधार. काही जण वजनाचं कारण देतात, रंग जड असतो म्हणून कार्बन उघडा ठेवतात. एफ वन मध्ये ठीक. इथं किमान वजनच १,०३० किलो ठरलंय, वर वजन जुळवणारा नियम आहे. कारण वजनाचं नाही, फॅशनचं आहे.

२०२४ ला टोयोटानं पांढरा-लाल सोडून मॅट काळा घेतला. त्या वर्षी ले मान्सला पाऊस, अंधार, तासन्‌तास सेफ्टी कार, आणि टोयोटा शोधताना माझे डोळे दुखले. दुसरी आली, फेरारीच्या मागं चौदा सेकंदांनी. चौदा सेकंदांचा रंगाशी संबंध नाही, हे मलाही कळतं. पण पुढं लाल होती म्हणून ती पूर्ण शेवटची फेरी मला दिसली.

फेरारीचं काय, त्यांनी डोकं लावलंच नाही आणि तेच बरोबर ठरलं. पन्नास वर्षांनी वरच्या गटात परतताना ४९९पी लाल ठेवली आणि १९७० च्या दशकातल्या ३१२ पीबीची आठवण म्हणून पिवळा पट्टा दिला. २०२३ ला, शंभराव्या वर्षी, जिंकली. २०२४ ला परत. २०२५ ला जिंकली ती खासगी टीमची ८३ नंबर, आणि ती तर पूर्ण पिवळी: कुबित्सा, ये यिफेई आणि फिल हॅन्सन. पोर्शेला चौदा सेकंदांनीच मागं टाकलं. कंपनीच्या दोन लाल गाड्या आणि मधे ही पिवळी, तेच अंग, तोच साचा. रविवारी दुपारी दुकानात पोस्टर कापत असलेल्या पोरानं, ज्याला फेरारी आणि फियाटमधला फरक नीट माहीत नाही, स्क्रीनकडं न बघता विचारलं, "दादा, पिवळी कुठंय आता?" गाडी रंगवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी काय पाहिजे?

अ‍ॅस्टन मार्टिनची व्हॅल्करीही आली त्याच वर्षी, व्ही१२, हायब्रिड नाही, हिरवी. एका गाडीचा नंबर ००७. थोडं चावट आहे, पण चालतंय. आवाजासाठी सगळं माफ.

आणि टोयोटानं २०२५ ला अर्धं शहाणपण दाखवलं. ७ नंबरला १९९८-९९ च्या जीटी-वनचा लाल-पांढरा रंग चढवला. ती जीटी-वन आंद्रे द कोर्तान्झनं काढलेली. माझ्या मते ले मान्सला न जिंकलेल्या गाड्यांत तिच्याइतकी देखणी दुसरी नाही, आणि यावर वाद घालायचा तर चहा तुमचा. टोयोटाच्या तेव्हाच्या जीआर०१० च्या अंगावर तो रंग बसेल का अशी शंका होती, कारण जुनी गाडी सखल आणि वाहती, नवी जरा उभट. बसला. लालचा थांबा पांढऱ्यात नेमका जिथं पत्रा मोडतो तिथं घेतलाय. ८ नंबर मात्र काळीच ठेवली. एकाच गॅरेजमध्ये शेजारी शेजारी, एक चोवीस तास दिसणारी आणि एक रात्रभर शोधायची. टोयोटात कुणी मराठी वाचत असेल तर सांगतो: लाल रोल कमी पडला असेल, तर माझ्याकडं दोन पडून आहेत.